गौरीचा तिखटा नैवेद्य : आक्षेप आणि उत्तर

वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण तीरावर, गोपाळगडाच्या सावलीत अंजनवेल वसले आहे. भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर गौरीपूजनाच्या दिवशी या भागातील अनेक कुणबी, मराठा आणि भंडारी घरांत गौरीपुढे मटण किंवा गावठी कोंबडी आणि वडे यांचे पान मांडले जाते. यालाच तिखटा नैवेद्य म्हणतात. ही गौर म्हणजे पुष्कळदा रानातून उपटून आणलेल्या तेरड्याच्या रोपांची जुडी असते. अलीकडे या पानावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचे एक समर्थनही केले जाते. आक्षेपक म्हणतात, की देवकार्यात मांस हा शास्त्रबाह्य भ्रष्टाचार असून तो बंद व्हावा. समर्थक म्हणतात, की हे पान म्हणजे वैदिक यज्ञातील हविर्भागाचाच अवशेष होय. हे दोन्ही पक्ष ग्राह्य नाहीत.

आक्षेपाचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण त्यामुळेच कित्येक घरांतील सुनांना आपल्या सासूचा स्वयंपाक लाजिरवाणा वाटू लागला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धात कोणत्या मांसाने पितर किती काळ तृप्त राहतात याची मोजणीच दिली असून, त्यात माशांना दोन महिने, मेंढ्याला चार, पक्ष्यांना पाच आणि बोकडाला सहा महिने नेमून दिले आहेत. मधुपर्क, म्हणजे सन्मान्य अतिथीला दही-मध देऊन करावयाचा सत्कार, मांसाशिवाय होत नाही, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. आज लग्नात नवरदेवाच्या हातावर जे दही-मध पडते ते याच विधीचे उरलेले रूप होय. पुढे अहिंसेचा विचार बळावला आणि निबंधकारांनी कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या गोष्टींची यादी, पुढे करून श्राद्धातील मांस वर्ज्य ठरविले. परंतु जे कधी केलेच जात नव्हते, ते वर्ज्य करण्याची गरज कोणाला पडेल? हा सारा इतिहास महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आडपडदा न ठेवता मांडला आहे. त्यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या पेढे गावी, म्हणजे याच वाशिष्ठीच्या खोऱ्यात झाला, आणि कलिवर्ज्यांची चर्चा करणारा त्यांचा तिसरा खंड १९४६ साली निघाला. शास्त्राचे नाव घेऊन तिखट्या पानाला नावे ठेवणाऱ्यांनी निदान घरच्या या पंडिताचे ग्रंथ तरी उघडावेत.

मात्र एवढ्यावरून समर्थकांचे म्हणणे सिद्ध होत नाही. श्राद्धातील मांस पितरांसाठी आणि आमंत्रित ब्राह्मणांसाठी होते, यज्ञातील हवि अग्नीत पडत असे. तेरड्याच्या रूपाने माहेरी येणाऱ्या गौरीला लेक म्हणून जेवू घालणे हा याहून निराळा भाव आहे. त्याला गृह्यसूत्राची वंशावळ चिकटवणे म्हणजे आपल्याच घरच्या लेकीला परक्याचे नाव लावणे होय. शिवाय आज शिजणारा पदार्थही जसाच्या तसा प्राचीन नाही. लाल मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता, आणि मिरचीने आपले नावसुद्धा मिरीकडूनच घेतले आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात मांसाच्या अनेक पाककृती आहेत. त्यांत हिंग, मिरी आणि आले आहे, मिरची नाही. ‘तिखट’ हा शब्द मात्र तीक्ष्ण या शब्दापासून आलेला असल्यामुळे मिरचीहून जुना आहे. म्हणजे नैवेद्याचे नाव टिकले आणि त्यातला मसाला बदलला, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मग या पानाला प्रमाण कोणते? उत्तर धर्मशास्त्रातच आहे. मनू आणि याज्ञवल्क्य हे दोघेही श्रुतिस्मृतींच्या जोडीला आचार हे धर्माचे प्रमाण मानतात, आणि जिंकलेल्या देशाचा आचार, व्यवहार व कुलरीत राजाने पूर्ववत सांभाळावी, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. जेथे जेत्या राजालाही कुलाचार मोडण्याची मुभा नाही, तेथे चार दिवसांसाठी गावी आलेल्या पाहुण्याला ती कोठून मिळणार? या आचाराला स्वतःचा विवेकही आहे. घरात गणपती असेल तर अनेक ठिकाणी त्याच्या आणि गौरीच्या मध्ये पडदा धरून मगच तिखटे पान दाखवतात, आणि माळकऱ्याच्या घरी गौरीला शाकाहारी नैवेद्यच असतो. त्या घरांचा आचारही तितकाच प्रमाण आहे.

या कुलाचाराचे खरे शास्त्र चुलीपाशी आहे. कांदा सालीसकट निखाऱ्यात भाजायचा, खोबरे काळे पडू न देता खरपूस करायचे, दोन्ही पाट्यावर धने-मिरचीबरोबर इतके बारीक वाटायचे की वाटण बोटांना गुळगुळीत लागावे, आणि हळद-मीठ लावून अर्धवट शिजलेल्या मटणात ते घालून तेल वर येईपर्यंत मंद आचेवर ठेवायचे. वड्यांसाठी तांदूळ, उडीद, धने आणि मेथी यांचे जाडसर पीठ कोमट पाण्यात भिजवून मुरवतात आणि केळीच्या पानावर हाताने थापून तळतात. पहिली वाटी गौरीच्या पानात वाढेपर्यंत मीठसुद्धा चाखून पाहत नाहीत. अंदाज हाताचा असतो आणि तो सहसा चुकत नाही.

तेव्हा ज्या घरांनी केवळ कोणीतरी अशास्त्रीय म्हटले म्हणून हे पान बंद केले असेल, त्यांनी ते पुन्हा सुरू करावे, आणि ज्या घरांत ते चालू आहे, तेथील सुनांनी येत्या गौरीला वाटणाचे प्रमाण सासूच्या तोंडून ऐकून वहीत उतरवून घ्यावे.