प्रोसेसरचा कूलर : आधी वॅट पाहा, मग किंमत

विदर्भात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला, पाण्यावर चालणारा पत्र्याचा खोका. संगणकाच्या दुकानात मात्र कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसवायचा धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्याचा पंखा. नाव एकच, काम अगदी वेगळे. हा फरक लक्षात न आल्यामुळे मुलांसाठी डेस्कटॉप जुळवून घेताना अनेक पालकांचे पैसे नको तिथे जातात.

खोलीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनातून हवा खरोखरच थंड करतो. प्रोसेसरचा कूलर उष्णता फक्त हलवतो : चिपवरून उचलतो आणि हवेत सोडतो. त्यामुळे तो कितीही महाग असला तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ‘लिक्विड कूलिंग’लाही हाच नियम लागू आहे. नळीतला द्रव उष्णता रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथून ती त्याच खोलीच्या हवेत जाते.

समजा, एखाद्या कूलरखाली पूर्ण भार असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ७० वर राहील. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ वर गेली की तोच प्रोसेसर ८७ वर पोहोचेल. त्यात कॅबिनेटमध्ये हवा कोंडली आणि पात्यांत धूळ साचली, तर शंभरी दूर नाही. तिथे इंटेलचे बहुतेक आधुनिक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. मग ‘संगणक जुना झाला’ असे वाटून नवा घेण्याची चर्चा घरात सुरू होते. खरे तर त्याला फक्त साफसफाई हवी असते.

म्हणून कूलर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा, वॅटचा असावा. इंटेलचा कोअर आय५-१२४०० मूळ वेगाला ६५ वॅट आणि कमाल ११७ वॅट घेतो. अभ्यास, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांसाठी त्याच्या खोक्यात मिळणारा कूलर पुरतो. कोअर आय९-१४९००के मात्र २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला मोठा टॉवर कूलर किंवा लिक्विड कूलर लागतोच. पहिल्या प्रोसेसरवर दुसऱ्याचा कूलर चढवणे म्हणजे सायकलला ट्रकचे टायर लावणे. रंगीत दिव्यांनी एक अंशही कमी होत नाही.

तेच पैसे कॅबिनेटवर खर्च करावेत. पुढे बंद काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट बरे. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा असावा. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का आणि तो आपल्या सॉकेटवर बसतो का, हे आधीच विचारावे. थर्मल पेस्ट वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी पुरे. ती दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटींतली हवा हटवण्यासाठी असते. जाड थर दिल्यास उलट अडथळा होतो. कूलरच्या तळावरची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरू नये.

आपल्याकडच्या धुळीत दोन-तीन महिन्यांनी सफाई हवी. प्लग काढून, नाकाला रुमाल बांधून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा. संगणक खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे तुषार आत गेले तर नुकसान होते.

पण या साऱ्या चर्चेत एक जण विसरला जातो, तो म्हणजे संगणकासमोर बसलेला माणूस. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. ३०० वॅट खाणारा संगणक म्हणजे छोट्या खोलीत आणखी तीन माणसे बसवण्यासारखे. उत्तम कूलरने चिप वाचते, पण खोलीतली उष्णता एका वॅटनेही घटत नाही. ती घटवायची तर मुळात वीज कमी खाणारा प्रोसेसर निवडावा किंवा अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये मिळणारी वीजमर्यादा वापरावी. मोठ्या प्रोसेसरला लगाम घातला तर वेग थोडा घटतो, उष्णता मात्र बरीच. खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन असेल तर राहिलेली उष्णता बाहेर जाते.

दुकानदाराने कोटेशनवर प्रत्येक भागाच्या किमतीशेजारी प्रोसेसरचे कमाल वॅट लिहावेत आणि ग्राहकानेही ते मागून घ्यावेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलासाठी कूलरच्या नावापेक्षा तो आकडा महत्त्वाचा आहे.