वैर शिकवले कोणी?

रक्तपिपासू आणि नरलांडगे यांच्या युद्धाचा ‘अंडरवर्ल्ड’ हा लेन वाइजमन यांचा २००३ सालचा चित्रपट. त्याविषयी प्रेक्षकांत दोन तट आहेत. काहींच्या मते काळे चामडी कपडे, निळसर अंधार आणि गोळीबार म्हणजे ‘मेट्रिक्स’ची नक्कल, काहींना तोच थाट आवडतो. २००४ साली डीव्हीडीवर वाढीव आवृत्ती आली, तिच्यात सुमारे १२ मिनिटे अधिक आहेत.

माझे मत असे: थाट उसना असेल, पण कथेचा गाभा पोकळ नाही. सेलीन शतकानुशतके नरलांडग्यांना मारते, कारण त्यांनीच आपले कुटुंब संपवले असे तिला सांगितलेले असते. प्रत्यक्षात ते कृत्य तिला मुलीसारखे वागवणाऱ्या व्हिक्टरचे. नरलांडग्यावर प्रेम केले म्हणून त्याने पोटच्या मुलीलाही मारले. आणि दोन्ही कुळे तर एकाच पित्याच्या पुत्रांपासून निघालेली! काइन आणि हाबेल आठवल्यावाचून राहत नाहीत.

उणीव शेवटी आहे. सत्य कळल्यावरही सेलीन तलवारच उचलते. क्षमेला कथेत जागा नाही. रक्तपातही पुष्कळ, म्हणून लहान मुलांसमोर हा लावू नये. पण मोठ्या मुलांबरोबर पाहिलात, तर नंतर एवढे जरूर विचारा: ज्यांचा आपण द्वेष करतो, त्यांच्याविषयी आपल्याला सांगितले कोणी? आणि आपण ते कधी पडताळून पाहिले का?