मिश्रण नको, पण तेलं दोन हवीत: स्वस्त फोर-स्ट्रोक चेनसॉची काशीतली परीक्षा

‘पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नसलेला चेनसॉ आता स्वस्तात मिळतो म्हणे, घ्यावा का?’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे विचारलं आहे. विचारणारे बहुतेक कोकणातले, बागवाले. तिथल्या घरांनी 3 जून 2020 चं निसर्ग वादळ पाहिलेलं आहे. दारात आडवी पडलेली झाडं आणि कापायला माणूस मिळत नाही, अशी वेळ आली की कुऱ्हाड किती तोकडी पडते हे त्यांना सांगायला नको.

ऐकीव माहितीवर उत्तर देण्यापेक्षा एक मशीन हाताळलेलं बरं. माझा मुक्काम सध्या काशीत आहे, अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत, म्हणून परीक्षा इथेच झाली. हे अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून, तनखा घेऊन ते उत्तरेत आले आणि इथलेच झाले. आणि काशीचं नि करवतीचं नातं तर आपल्या भाषेतच आहे. काशीकरवत हा शब्द आजी-पणजींच्या तोंडी असायचा. मोक्षासाठी करवतीखाली देह ठेवायची ती जुनी आख्यायिका. मी करवत घेऊन काशीत आहे म्हटल्यावर घरच्या म्हाताऱ्यांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली!

घाटाच्या पायऱ्यांवर मात्र असलं मशीन चालवायचं नाही. तिथे पोरं पळत असतात, यात्रेकरू वाकून पाणी घेत असतात. एका ओळखीच्या वाड्याचं बंदिस्त परस मिळालं, मालकांनी परवानगी दिली, तिथे काम केलं. लाकूड वखारीतून विकत आणलं, आंब्याचं. पुरात वाहून आलेले ओंडके फुकट दिसतात, पण ते दोन कारणांनी नकोत. एक तर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 45 व्या कलमाप्रमाणे वाहून आलेलं, काठाला लागलेलं लाकूड मालकी सिद्ध होईपर्यंत सरकारचं धरलं जातं. दुसरं म्हणजे गंगेचा गाळ. सालीच्या भेगांत वाळू भरलेली असते आणि वाळूतून दोन मिनिटं चेन फिरली की तिची धार गेली. जुन्या नावेच्या फळ्यांचंही तसंच, त्यांच्यात खिळे असतात.

आता मशीनकडे वळू. जुनी बजाज स्कूटर आठवते? पंपावर पेट्रोलबरोबर तेलही टाकून घ्यायचो. ते टू-स्ट्रोक इंजिन. बहुतेक पेट्रोल चेनसॉ अजून तसेच आहेत. कंपनी सांगेल त्याप्रमाणे लिटरमागे 20 ते 40 मिली तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि तेच इंधन इंजिनाला वंगणही पुरवतं. फोर-स्ट्रोक म्हणजे आजची मोटारसायकल: पेट्रोल वेगळं, इंजिन ऑइल वेगळं. धूर कमी, आवाज जरा खालच्या पट्टीतला, पेट्रोलही कमी लागतं. मग सगळे चेनसॉ असे का नाहीत? कारण मोटारसायकल आडवी करून चालवत नाहीत, आणि चेनसॉ आडवाच धरावा लागतो. झाड बुंध्यात कापताना तो कुशीवर असतो, फांदी छाटताना नाक खाली. तळाशी साठलेलं तेल अशा वेळी वर चढतं, सिलिंडरमध्ये शिरतं. शिवाय टू-स्ट्रोक तेवढ्याच वजनात जास्त ताकद देतं आणि मिनिटाला दहा-बारा हजार फेरे सहज घेतं.

होंडाच्या जीएक्स 25 आणि जीएक्स 35 या छोट्या इंजिनांनी तिरकं चालण्याची अडचण सोडवली. त्यांच्यात तेलाचं धुकं करून ते सगळीकडे फिरवलं जातं, त्यामुळे इंजिन कसंही धरलं तरी चालतं. गवत कापायच्या मशीनवर ही इंजिनं तुम्ही पाहिली असतील. स्वस्त फोर-स्ट्रोक चेनसॉ बहुधा याच रचनेच्या नकलेवर उभे असतात. मी घेतलेलं मशीन 31 सीसीचं, अठरा इंची पट्टीचं, सात हजारांच्या घरातलं. नाव सांगत नाही, कारण अशा एकाच मशीनवर चार नावांचे स्टिकर लागून चार दुकानांत विकायला येतात.

खोक्यातून काढल्यावर सगळ्यात आधी झाकणं ओळखा. तीन असतात. एक पेट्रोलचं, एक इंजिन ऑइलचं आणि तिसरं चेनच्या तेलाचं. मिश्रण नाही म्हणजे तेलाचं झंझट संपलं, असं दुकानदार सांगतो. प्रत्यक्षात दोन तेलं सांभाळायची असतात. चेनचं तेल टाकीतून पट्टीवर गळत राहतं आणि संपतं, ते संपलंच पाहिजे. पेट्रोलची टाकी संपली आणि चेनचं तेल जसंच्या तसं, तर तेल पोचत नाहीये. पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्याच्या वितीभर वर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटायला हवी. माझ्या मशीनची रेघ पहिल्यांदा फिकी आली. पट्टीच्या बुडाशी तेलाचं भोक असतं, त्यात रंगाचा पापुद्रा अडकला होता. टाचणीने काढला, रेघ ठसठशीत झाली.

आणि घरात गवत कापायचं टू-स्ट्रोक मशीन आधीपासून असेल तर दोन पेट्रोलचे कॅन वेगळ्या रंगाचे ठेवा. मिश्रण चुकून फोर-स्ट्रोकमध्ये गेलं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, एवढ्यावर निभावतं. साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर पिस्टन जाम होऊन इंजिन कायमचं जातं.

तिरकं धरण्याची चाचणी मी पट्टी आणि चेन काढून ठेवून केली. इंजिन ऑइल खुणेपर्यंत, अगदी मोजून. मग मशीन सरळ, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, नाक खाली, प्रत्येक वेळी मिनिटभर आयडलिंगवर. एका कुशीवर किंचित निळा धूर आला आणि सरळ करताच थांबला. त्यानंतर मुद्दाम खुणेच्या वर 20 मिली तेल जास्त घालून तेच केलं. आता धूर चांगलाच, आणि थोड्या वेळाने इंजिन बंद. प्लग काढला तर तेलाने चिंब. या इंजिनात तेल मावतंच साधारण 100 मिली, त्यात 20 मिली म्हणजे पाचवा हिस्सा. थोडं जास्त असलेलं बरं, हा स्वयंपाकघरातला हिशेब इथे चालत नाही. इंजेक्शनची सिरिंज वापरा, मापही कळतं आणि सांडतही नाही.

घाटावर नावांची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री बघायला आले होते. त्यांची हयात डिझेल इंजिनांत गेली, आता कित्येक नावा सीएनजीवर गेल्यात तेही काम ते करतात. वाटलं, इंजिन उघडून बघतील. त्यांनी चेनवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘इंजन छोड़िए दीदी, पहले चेन देखिए.’’

आणि खरंच, लाकूड इंजिन कापत नाही, दात कापतात. आजच्या चेनचे वाकडे दात कुठून आले ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. 1946 मध्ये त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आडव्या-उभ्या धाग्यांतून सारख्याच सहजतेने जात होती, कारण तिचे जबडे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे चालत होते. त्याने चेनचे दात तसे केले, एक डावा, एक उजवा. पुढच्याच वर्षी त्याने त्या चेनचा धंदा सुरू केला. तुमच्या मशीनवर आहे ती त्याच अळीची नक्कल.

स्वस्त मशीनबरोबर येणारी चेन बहुधा नीट धार न लावलेलीच असते. 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, 0.325 च्या चेनला 4.8 ची. आकडा चेनच्या खोक्यावर किंवा पट्टीवर असतो. हातमोजे घाला, इंजिन थंड आणि प्लगची टोपी काढलेली. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, साधारण 30 अंशात, प्रत्येक दाताला तेवढेच घाव. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच झाले की काप वाकडा जातो आणि पट्टी अडकते. धार लागली की नाही हे बघायला भिंग नको, खाली काय पडतंय ते बघा. पोह्यांसारखे तुकडे पडत असतील तर छान. रव्यासारखा भुसा पडायला लागला की थांबा आणि कानस घ्या. मिस्त्रींच्या अंगठ्याला जे कळलं ते मला या भुशावरून कळलं. धार लावल्यावर त्याच मशीनची चाल बदलली.

दुसरा बदल पट्टीचा. लांब पट्टी दिसायला भारी, म्हणून विकणारे ती लावतात. पण ही ताकद जेमतेम एका हॉर्सपॉवरची. आठ इंची ओंडक्यात अठरा इंची पट्टी तीनदा अडकून इंजिन बंद पडलं. बारा इंची पट्टी आणि तिच्या मापाची चेन बसवली, एकदाही अडकली नाही. बदलताना पट्टी, चेन आणि आतलं दातेरी चाक, तिघांचं माप एकच हवं. माझ्या मते या मशीनवर करण्यासारखी सगळ्यात फायद्याची खटपट हीच. कार्बोरेटरचे स्क्रू पिळून ताकद वाढवायच्या नादाला लागू नका. त्यातला एकच तुमच्या कामाचा, आयडलिंगचा. हात सोडल्यावर इंजिन चालू राहिलं पाहिजे आणि चेन पूर्ण थांबली पाहिजे. हात सोडूनही चेन रांगत असेल तर ते मशीन हातात धरायचं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला तर फिरती चेन पट्टीला उसळवून थेट तुमच्या तोंडाकडे आणते. पापणी लवायच्या आत. म्हणूनच पुढच्या मुठीसमोर ती ढाल असते. ती नुसती ढाल नाही, ब्रेकचा दांडा आहे. इंजिन बंद असताना ढाल पुढे ढकला, मोजा घालून चेन ओढा, हलता कामा नये. मग चालू इंजिनावर मनगटाने ढकलून बघा, चेन जागच्या जागी थांबायला हवी. ढाल नुसतीच प्लास्टिकची, ब्रेकशिवाय, असेल तर स्वस्त म्हणूनही घेऊ नका, परत करा. सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत पाय रोवलेला. चष्मा, कानात बोळे, जाड बूट. साडीचा पदर, ओढणी, लुंगी, मफलर यांतलं काही अंगावर नको. शिडीवर नाही, खांद्याच्या वर नाही, एका हाताने नाही. आणि आवाज कमी असल्याने मुलं जवळ येतात. टू-स्ट्रोकच्या किंचाळण्याने ती लांब तरी पळायची. परसाचं दार लावून घेतलं तरी खिडकीत तीन डोकी होतीच. त्यांना तिथेच राहायला सांगून, मोठ्या एका माणसाला दारात उभं केलं.

कोकणातल्या मंडळींसाठी एवढंच वेगळं सांगते. वादळात पडलेलं झाड सगळ्यात फसवं. ते ताणलेलं असतं. वाकलेली फांदी कापताच धनुष्यासारखी सुटते, उपटलेला बुंधा कापला की मुळांचा गड्डा उभा राहतो. त्यासाठी सराव असलेला माणूसच हवा, मशीन कितीही चांगलं असो. माड-पोफळीचं खोड तंतूंचं, ते चेनच्या झाकणात गुंता करतं, दर चार कापांनी झाकण उघडून साफ करावं लागतं. आणि उभं झाड तोडायचं असेल तर आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

मग घ्यावा का? वर्षातून पाच-सहा दिवस, जळणाचे ओंडके आणि मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या फांद्या, तेही जमिनीवर उभं राहून कापायच्या असतील, तर हो. मिश्रणाची चूक होत नाही आणि धुराने डोकं दुखत नाही. रोजच्या कामाला, मोठ्या झाडांना किंवा बागेत दिवसभर हिंडायला नको. तिथे चांगलं टू-स्ट्रोक हलकं पडतं आणि त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. घेण्याआधी दुकानदाराला पट्टी, चेन, एअर फिल्टर आणि दोरीची स्प्रिंग वेगळी देतोस का एवढं विचारा. गप्प बसला तर पुढच्या दुकानात जा.

काम झाल्यावर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर तसंच ठेवलं तर कार्बोरेटरातला रबरी पडदा ताठरतो आणि पुढच्या दिवाळीत दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. चेनही सैल करून ठेवा, गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आखडते.

माझ्या मशीनचे अजून सहाच तास झालेत. दहा झाले की पहिलं इंजिन ऑइल बदलायचं आहे, त्यासोबत व्हॉल्व्हची फटही मोजणार आहे. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि स्वस्त इंजिनात तीच आधी बिघडते. मिस्त्रींनी फीलर गेज उसना देऊ केला आहे. जुनं तेल कसं निघालं आणि फट किती भरली, ते याच सदरात कळवेन.