घरी आणलेला रुग्ण पुन्हा दवाखान्यात का जातो?

शेतीच्या पानावर आजारपणाचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण गावोगाव फिरताना दिसते ते असे : लकवा मारलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो आणि महिना-दीड महिन्यात त्याला पुन्हा गाडीत घालावे लागते. पहिल्या खेपेला साठवलेला पैसा जातो, दुसऱ्या खेपेला दावणीची गाय. उपचार योजनेत बसले तरी गाडीभाडे आणि सोबत्याचा बुडालेला रोज कोण देणार? पुष्कळदा ही दुसरी खेप मूळ आजाराची नसतेच. ती पाठीच्या जखमेची, लघवीच्या नळीतल्या संसर्गाची किंवा छातीत गेलेल्या घासाची असते.

यात पाठीची जखम सगळ्यात वाईट. एकाच अंगावर पडून माकडहाड, खुबा, टाच इथली कातडी दबते, तिथं रक्त पोचत नाही. आधी नुसता लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात झाली समजावे. तिथं चोळायचं नाही, हळद-राख भरायची नाही. त्या जागेवरचा भार काढून उपकेंद्रात कळवावे. दर दोन तासांनी कूस बदलणे हाच मुख्य उपाय. हवेची गादी मिळाली तर उत्तमच, पण गादी आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नये. आता पेरणी-वेचणीच्या दिवसांत घरी म्हातारी एकटी. तिने एवढा गडी कसा वळवावा? दुपारची पाळी भावकीने, शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी. रात्री दोनला उठून पिकाला पाणी द्यायला आपण जातोच की!

पेज, चहा रुग्णाला आडवे ठेवून पाजू नये. बसते करून भरवावे, नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. गिळताना ठसका लागत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना विचारावे. लघवीची पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. फवारणीची नोंद ठेवतो तशी गोळ्यांची, तापाची वही ठेवा.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन पाहतात. घरी जाऊन बाळ सांभाळण्याची रीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली; तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अशा फेऱ्या का नसाव्यात? मात्र हे काम मोबदल्याशिवाय आशांच्याच गळ्यात घालू नये. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावच्या आरोग्य समितीने अशा रुग्णांची यादी करावी, कोणाच्या घरी कोण आणि कधी जाणार हे ठरवावे. पंचायतीने एक-दोन हवेच्या गाद्या घेऊन ठेवल्या तर त्या या घरातून त्या घरात फिरतील.

एक मात्र ध्यानात असू द्या. थंडी वाजून ताप, लघवी बंद, गुंगी, धाप, किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि सोबत ती वही न्यावी.