उसनवारीची तबकडी

घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि डिसेंबर १९७६ मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ बँडमधल्या चौघांनी एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मोठ्या कंपनीची वाट न पाहता जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. प्रती फक्त हजार. त्या खपल्या नसत्या तर उसने फेडायचे कुठून? गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, तेही वेष्टनावर छापलं! ‘बोअरडम’मध्ये गिटारची करामत ऐकायला कान टवकारावेत, तर दोनच सूर, पुन्हा पुन्हा. भावगीतांवर वाढलेल्या आमच्या कानांना हा खडबडीतपणा आधी खुपतो. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र पाय ठेका धरतो. पुढे सोळा हजार प्रती खपल्या. गायक हॉवर्ड डेव्होटोने तोवर बँड सोडलाही होता.