‘तू आयटीत आहेस ना?’

जून उजाडला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या समस्त आयटी पब्लिकचे मोबाइल वाजायला लागतात. मामी, आत्या, सोसायटीतले काका... डायलॉग ठरलेला. ‘तू आयटीत आहेस ना? आमच्या पिंटूला कम्प्युटरला टाकायचंय. कुठलं कॉलेज चांगलं?’ (मी मास कॉमवाली, तरी मलाही येतात. लॅपटॉपवर काम करते, एवढं क्वालिफिकेशन पुरतं!) मग आपण मीटिंगला पळता पळता दोन नावं फेकतो. सीओईपी, व्हीजेटीआय. एक १८५४ सालचं, दुसरं १८८७ सालचं. नावं घ्यायला आपलं काय जातं? पण तिथे नंबर लागणार असता तर पिंटूने फोन कशाला केला असता, राव!

खरा घोळ त्याच्या खालच्या पायरीवर असतो. माझ्या मामेबहिणीचंच बघा ना. सीईटीत बरा स्कोअर, आणि एका खासगी विद्यापीठाकडून रोज फोन : ‘सीट्स संपत आल्यात, आत्ताच बुक करा.’ एसी क्लासरूम, कॅम्पसवर कॅफे. मामा चेक लिहायलाच बसला होता. मुद्दा असा की ती ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४ मध्ये सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या अशा मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ केली, पण ‘कॅप’ राउंडमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणजे त्या एका चेकने चार वर्षांची माफी गेली असती. फोनवरची गोड आवाजाची ताई हे कशाला सांगेल?

दुसरी गंमत पॅकेजची. होर्डिंगवर झळकतं ते ‘हायेस्ट’. एका पोराला मिळालेलं! तुम्ही ‘मीडियन’ विचारा. म्हणजे प्लेसमेंट मिळालेल्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्याचा पगार. एनआयआरएफ रँकिंगसाठी कॉलेजांना हा आकडा द्यावा लागतो, किती जणांना नोकरी लागली तेही. सगळं साइटवर खुलं असतं, पाच मिनिटांचं काम.

आता आयटीवाल्यांनो, तुमच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट. एका विद्यापीठाशी संलग्न साध्या कॉलेजांत सिलॅबस तोच, पेपरही तोच. ‘ऑटोनॉमस’ कॉलेज सिलॅबस स्वतः ठरवतं, पेपर स्वतः काढतं, डिग्री मात्र विद्यापीठाचीच. ऑटोनॉमस म्हणजे आपोआप भारी असं काही नाही हं. सेकंड आणि थर्ड इयरचा सिलॅबस उघडा. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, डेटाबेस, अल्गोरिदम नीट आहेत का? ब्रँचच्या नावात एआय आणि डेटा सायन्स आहे म्हणून हुरळून जाऊ नका. पाया गायब असेल तर नुसतं नाव काय चाटायचंय? हे मामीला कळणार नाही, तुम्हाला कळतं.

आणि बॅच केवढी ते विचाराच. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांना जागांची वरची मर्यादाच काढून टाकली. जागा वाढल्या, पण शिकवणारे वाढले का?

ऑप्शन फॉर्मबद्दल एकच. पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेज पहिल्याच राउंडला मिळालं की सीट तिथेच फ्रीझ, पुढचे राउंड बंद. तेव्हा ‘बघू तरी लागतं का’ म्हणून वर काहीही टाकायचं नाही.

एवढं झालं की शनिवारी बाइक काढा, पिंटूला मागे बसवा आणि कॉलेजच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. थर्ड इयरची पोरं तिथेच सापडतात. प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसत्या फायली कॉपी होतात, एवढं विचारा. एका कटिंगमध्ये सगळं सांगतात.