मिश्रीची डबी आणि पोटातले बाळ

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा, श्रीमंतांचा रोग, हा समज आपल्या वस्त्यांत अजून पक्का आहे. बाबासाहेबांना या रोगाने अखेरच्या वर्षांत किती छळले हे ठाऊक असूनही तो सुटत नाही. या रोगाची पेरणी आईच्या पोटातच होऊ शकते आणि तिला तंबाखूचा हातभार लागतो, हे आज आम्हाला मांडायचे आहे.

तंबाखू म्हटले की सरकारला सिगारेट दिसते. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली गरोदर बाई सिगारेट ओढत नाही. "बिडी-सिगारेट ओढता का?" असे विचारले की ती नाही म्हणते आणि ते खरेच असते. पण तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, ती सकाळ-संध्याकाळ दाताला लावते. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड करणारी भगिनी कोयता हाती घेण्याआधी लावते, कारण मिश्रीने भूक मरते. ज्या बाईला दोघांचे खायला हवे तिने भूक मारायची, आणि समाजाने त्याला दात घासणे म्हणायचे!

मिश्रीतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचे पोषण कमी पडते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि त्या मातांत मिश्रीच सर्वाधिक होती. पुढचा दुवा पुण्याचा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चार वर्षांची मुले तपासली. जन्मताना वजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर आणि इन्शुलिन जास्त आढळले. हे १९९५ साली छापून आले. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्यांचा माग काढला, तेव्हा गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत तिशीच्या आसपास मधुमेह अधिक दिसला. मिश्री आणि मुलांचा मधुमेह यांचा थेट हिशेब यातून निघत नाही हे आम्ही मान्य करतो. पण दुवे जोडले की वाट कुठे जाते ते दिसते.

एक गोष्ट लपवणार नाही. लहानपणी इन्शुलिन बंद पडून होणारा टाईप वन मधुमेह वेगळा. स्वीडन-नॉर्वेकडच्या काही पाहण्यांत धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत तो उलट कमी दिसला. उद्या एखादा तंबाखूवाला हेच कात्रण नाचवील. त्याला कमी वजनाची आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे दाखवावीत.

पंचशीलातल्या पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, म्हणून आपल्यातले काही पांढरे सदरेवाले कार्यकर्ते गायछापची पुडी खिशात ठेवून शील घेतात. त्यांनी घरातल्या सुनेला मिश्री सोड म्हणावे कोणत्या तोंडाने? वर्षावासात ग्रंथवाचनाला उपासिका रोज जमतात. तिथे एक दिवस गावच्या आशाताईंना बोलवा आणि मिश्रीचे नाव घेऊन बोलू द्या.

आणि जी बाई तंबाखू खात नाही, लावत नाही, पण सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळते, तिचे काय? संगमनेर आणि नगर शहरात अशी कित्येक घरे आहेत. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, कातडीतून जाते, आणि सूप ठेवलेले असते नेमके पोटापाशी. हिला "व्यसन सोड" सांगून काय उपयोग? हिने चूल सोडायची का?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, १९२९ साली कायदा झाला. गरोदर कामकरी बाईला विश्रांती देणे हे देशाच्या हिताचे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९७६ च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसला, कल्याण निधी झाला, त्यातून दवाखाने चालले. २०१७ साली जीएसटी आला आणि उपकर गेला. १९६६ चा बिडी-सिगार कामगार कायदाही नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रम संहितांच्या पोटात गेला. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईजवळ ओळखपत्र नसेल तर ती कामगार म्हणून मोजलीच जात नाही, मग बाळंतपणाचा पैसा कुठला?

जिल्ह्यात अशी ओळखपत्रे किती, गेल्या पाच वर्षांत बाळंतपणाचा लाभ किती जणींना मिळाला, हे माहितीच्या अधिकारात विचारायला हवे. संगमनेर आणि नगरच्या कार्यकर्त्यांनी पुढे यावे, अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.